सांधेवाल्या वाठोरे मॅडम

वाठोरे मॅडम गेल्या त्याच आठवड्यात कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मॅडम अत्यंत मितभाषी, शिस्तप्रिय आणि मृदू स्वभावाच्या होत्या." मागच्या रांगेत मला असं काही हसू फुटलं की रुमालात तोंड खुपसावं लागलं. माझे खांदे हलताना पाहून शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतोय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, पाणी आणून दिलं, आणि मी ते पाणी प्यालोसुद्धा.

प्राचार्य ज्यांच्याबद्दल बोलत होते त्या बाईंना मी कधी भेटलोच नाही. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्या बाईंना शिस्त हा शब्द फक्त दुसऱ्यांसाठी ठाऊक होता. मृदूपणाचं म्हणाल, तर याच प्राचार्यांना त्यांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं, "सर, तुमचं भाषण म्हंजे चाकं काढलेला ट्रॅक्टर. आवाज लय, जात कुठंच न्हाई."

डॉ. विशाखा वाठोरे हिंगोलीतल्या आमच्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या विभागप्रमुख होत्या. विषय वाहतूक. रस्त्यावरच्या गाड्या कॉम्प्युटरमध्ये चालवून बघायच्या आणि रस्ता बदलला तर काय होईल ते आधीच सांगायचं, हा त्यांचा धंदा. गाव कनेरगाव नाका, म्हणजे हिंगोलीहून वाशिमला निघालं की जिथं ढाब्यावरच्या फोडणीचा वास गाडीत शिरतो ते. वडील याच रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. "बापानं रस्ता केला, पोरगी त्याच्यावरच्या गाड्या मोजते. प्रगती हाय का न्हाई?" असं त्या पाहुण्यांना विचारायच्या, आणि पाहुण्यांना हो म्हणावं की नाही ते कळायचं नाही. मुंबईच्या मोठ्या संस्थेतून पीएच.डी. करून त्या परत आल्या होत्या. का परत आल्या असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "तिकडं ट्रॅफिक लय असतं."

माणसांना नावानं हाक मारणं त्यांना जमत नसे. त्या गावानं हाक मारायच्या. शिपाई 'औंढा', ग्रंथपाल 'वसमत', आणि एका बिचाऱ्या प्राध्यापकाचं गाव कोल्हापूर होतं तर त्याला 'लांबचे'. मी कॉम्प्युटर विभागात नवा लागलो तेव्हा दुपारी लॅबमध्ये डबा खात बसलो होतो. दार ढकलून एक ठेंगण्या, भारदस्त बाई आत आल्या. खांद्याला पिशवी, हातात स्कूटरची किल्ली.

"तुमी नवे?"

"हो मॅडम."

"गाव?"

"पुसेगाव."

"कोड लिहिता येतो, का नुसताच शिकवता येतो?"

मला राग आला. "लिहिता येतो."

"मग डबा झाका अन् चला."

त्या दिवसापासून मी 'पुसेगाव' झालो. पुढं त्यांच्या एका शोधनिबंधात आभार मानताना माझं नाव 'श्री. पुसेगावकर' असं छापून आलं. माझं आडनाव ते नाही. दाखवलं तर म्हणाल्या, "काहून, पुसेगावात दुसरं कोणी कोड लिहितं का? मग कळतंय की सगळ्यांना."

त्यांच्या खोलीत दोन कॉम्प्युटर होते. एकावर अख्ख्या जिल्ह्याचे रस्ते रेघांनी काढलेले. रेघ जाड झाली की गर्दी वाढली. दुसऱ्यावर फक्त कनेरगाव नाका, आणि त्यात प्रत्येक ट्रक, मोटारसायकल, ट्रॅक्टर वेगळा, आपापल्या अकलेनं चालणारा. पहिल्याला त्या 'घार' म्हणायच्या, दुसऱ्याला 'मुंगी'.

"घारीला गाडी दिसत न्हाई, नुसतं वाहणं दिसतं," त्यांनी मला समजावलं. "सिद्धेश्वर धरणातून कालव्याला पाणी सोडतात तवा कोणी थेंब मोजतं का? तसं. मुंगीला जिल्हा-बिल्हा काही दिसत न्हाई. तिला म्होरच्या गाडीचं ढुंगण दिसतं, बस. त्याच्यावरून ती ठरवते, ब्रेक मारावा का बाजूनं घालावी."

"मग सगळा जिल्हाच मुंगीत घाला ना."

"घाला. कॉम्प्युटर तुमच्या सासऱ्याकडून आणा, कारण हा तर धूर सोडंल. अन् सगळं घारीत घातलं तर नाक्यावर काय होऊन राहिलं ते कळणार न्हाई. म्हणून नाका मुंगीत, बाकी जिल्हा घारीत. दोघींचा सांधा तुमी करायचा."

हा सांधा हेच त्यांचं वेड होतं. जगभरचे लोक एक तर घारी करतात नाही तर मुंग्या करतात, दोघींच्या मधल्या जागेत कोणी जात नाही, कारण तिथं फजिती फार होते, असं त्या म्हणायच्या. ती फजिती लवकरच आमच्या वाट्याला आली.

घार वरून आकडे पाठवायची ते अपूर्णांकात असायचे. एका क्षणाला पाव ट्रॅक्टर आला, पुढच्या क्षणाला पुन्हा पाव. मुंगीला पाव ट्रॅक्टर चालवता येत नाही. मी सोपा उपाय केला: अर्ध्याच्या खाली असेल तर शून्य. दुसऱ्या दिवशी मॅडम पडद्यासमोर बराच वेळ बसल्या.

"पुसेगाव, सकाळपासून नाक्यावर एक ट्रॅक्टर न्हाई आला."

"राउंड ऑफ झाले असतील मॅडम."

"कुठं?"

"सांध्यात."

"म्हंजे हिंगोलीहून हळद विकून निघालेला माणूस तुमच्या सांध्यात मेला?"

"मेला नाही मॅडम, फक्त..."

"त्याच्या बायकोला तुमी सांगणार का, की बाई, तुझा नवरा राउंड ऑफ झाला?"

मग त्यांनीच उपाय सांगितला. पाव-पाव जमवत जायचं, पुरा झाला की एक अख्खा ट्रॅक्टर सोडायचा. कोणाचाही तुकडा वाया घालवायचा नाही. ट्रॅक्टर परत आले. आम्हाला आनंद झाला, आणि मग सांध्याच्या तोंडाशी ट्रक एकमेकांच्या डोक्यावर चढायला लागले. नाक्यावर कोंडी झाली की रांग मागं सरकत सांध्यापर्यंत यायची, पण पुढं जागा नाही हे घारीला कोणी सांगतच नव्हतं. ती आपली वरून गाड्या ओतत राहायची. पडद्यावर ट्रकांची उतरंड. नेमके तेव्हाच प्राचार्य कोणा पाहुण्यांना घेऊन आले. पडद्याकडं बघून म्हणाले, "वा! उड्डाणपूलसुद्धा दाखवलाय!"

"व्हय सर," मॅडम म्हणाल्या. "उद्घाटन तुमच्याच हातानं करू."

पाहुणे गेल्यावर त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन बाण काढले, एक खाली जाणारा, एक वर येणारा. "वरच्यानं खाली माल पाठवायचा. खालच्यानं वर सांगायचं, थांब बापा, जागा न्हाई. दोघं बोलले तर सांधा. एकच बोलला तर त्याला सांधा न्हाई म्हणत, साहेब म्हणतात."

वाहतुकीच्या या विदुषी स्वतः गाडी कशी चालवायच्या हे हिंगोलीतल्या कोणत्याही भाजीवाल्याला विचारा. इंडिकेटर त्या देत नसत. "दिला की मागचा गोंधळतो," हे त्यांचं शास्त्रीय मत. चौकात त्या वळायच्या तेव्हा आधी डोकं वळायचं, मग स्कूटर, आणि सगळ्यात शेवटी विचार. एकदा वाहतूक पोलिसानं अडवलं, तर त्यालाच उभं करून तो जिथं उभा राहतो ती जागा चुकीची कशी आहे ते समजावलं. त्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पावती फाडली. मॅडम खूश होऊन आल्या. "हुशार पोरगं हाय. ऐकतं बी, अन् सोडत बी न्हाई."

शनिवारी त्या विद्यार्थ्यांना आणि मला घेऊन नाक्यावर जायच्या. मुलं कडेला उभी राहून गाड्या टिपायची आणि मॅडम ढाब्यावर खाटेवर मांडी घालून ट्रकवाल्यांच्या मुलाखती घ्यायच्या. समोर शेवभाजी, वर आणखी तिखट मागवलेलं. "भैया, सामने कितनी जगा दिखी तो तुम गाडी घुसाते?" असं त्यांचं हिंदी. एक ट्रकवाला म्हणाला, "मॅडम, जगा दिखती नहीं, बनानी पडती है." त्या उठून आमच्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "ऐकलं का? हे कोणत्या पुस्तकात हाय? टाका मुंगीत." मी टाकलं. आमच्या मुंगीतले ट्रक त्या दिवसापासून जरा निर्लज्ज झाले.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग रस्ता रुंद झाला.

मधोमध दुभाजक आला. नाक्यावर गावाच्या तोंडाशी त्यात एक मोकळी जागा ठेवलेली होती. सगळं गाव तिथूनच इकडचं तिकडं जायचं. रस्त्याच्या एका बाजूला जुनी वस्ती, दुसऱ्या बाजूला शाळा, दवाखाना आणि बुद्धविहार. ही मोकळी जागा बंद करावी, लोकांनी पुढं जाऊन वळसा घालून यावं, असा सल्ला पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं दिला. एके दिवशी मॅडमच्या खोलीत आम्ही बसलेलो असताना फोन वाजला. त्यांनी उचलला आणि कानापासून लांब धरला, कारण पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. ती त्यांची आई, गयाबाई. वस्तीतल्या घरात एकट्या राहायच्या, हिंगोलीला लेकीकडं यायला तयार नव्हत्या, आणि रोज सकाळी रस्ता ओलांडून विहारात जायच्या.

"विशाखा! ते मधात भिताड घालून राहिले म्हनं. मी विहारात कशी जाऊ? उडून?"

"आई, बघते मी."

"बघते काय? तू त्याच्यातच शिकली ना एवढी? सांग त्यायले!"

मॅडमनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी कोणाची टिंगल केली नाही, त्यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

आम्ही जोरात कामाला लागलो. कंपनीचा सगळा हिशोब घारीचा होता: जागा बंद केली की वाशिमकडं जाणाऱ्या गाड्यांचा वेळ वाचतो, विषय संपला. गावातलं माणूस त्यात कुठं नव्हतंच. मॅडमचं म्हणणं, एवढा लांब वळसा कोणी घालणार नाही. मोटारसायकलवाले सरळ उलट्या बाजूनं येतील. आता अडचण अशी की उलट्या बाजूनं येणारी गाडी आमच्या सॉफ्टवेअरला मान्यच नव्हती. ज्या देशात ते तयार झालं तिथं असं कोणी करत नसावं.

"सॉफ्टवेअर तिकडचं असंल," मॅडम म्हणाल्या. "गाव तर इकडचं हाय ना? घाला उलटी."

घातली. जागा बंद करायची का ते ठरवायला अधिकाऱ्यांनी बैठक बोलावली होती, तिथं आम्ही गेलो. टेबलाच्या त्या बाजूला अधिकारी, या बाजूला सरपंच आणि गावची मंडळी, आणि कंपनीकडून आलेला केतन नावाचा तरुण इंजिनिअर. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ मराठी, पडद्यावर सुंदर रंगीत तक्ते. त्याचं झाल्यावर मॅडमनी आमचं चालू केलं. मोकळी जागा बंद केली. वळशाच्या ठिकाणी रांग लागली, वाढली, सांध्यापर्यंत गेली, सांध्यानं घारीला सांगितलं 'थांब'. इथवर आम्ही छाती फुगवून होतो. मग नाका मोकळा झाला, मुंगीत रस्ता रिकामा, पण घारीतली रांग हटेचना. ती वाढतच गेली. कनेरगाव सोडून वाशिमकडं निघाली. 'थांब' हा निरोप वर गेला होता. 'आता ये' हा निरोप पाठवायचा नियमच आम्ही केलेला नव्हता.

एक अधिकारी म्हणाले, "मॅडम, ही रांग अकोल्यापर्यंत नेता का? मला तिकडंच जायचंय." सगळे हसले. गावची मंडळीही हसली, तेवढं मात्र मला लागलं.

मॅडमनी पडदा बंद केला नाही. "चूक हाय," त्या म्हणाल्या. "नियम मी लिहिला, चूक माझी. पण ही चूक माझ्या सांध्यात हाय. तुमच्याकडं तर सांधाच न्हाई. तुमची चूक सापडणार बी न्हाई."

केतन सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, माफ करा, पण तुमचं घर तिथंच आहे ना? मग हा अभ्यास थोडा..."

"व्हय. माझं घर हाय म्हणून मी मोजलं. तुमचं न्हाई म्हणून तुमी न्हाई मोजलं. आता दोघांपैकी कोणाचा अभ्यास थोडा?"

कोणी हसलं नाही. अधिकाऱ्यांनी पुढच्या बैठकीपर्यंत निर्णय लांबवला. ती शेवटची, असं बजावलं.

बाहेर पार्किंगमध्ये केतन गाडीची वाट बघत उभा होता. मला वाटलं मॅडम त्याला ओलांडून जातील. त्या त्याच्यासमोर थांबल्या.

"ओ पुणे, जेवण झालं का?"

"नाही, रस्त्यात कुठंतरी..."

"रस्त्यातच चला. बसा मागं."

मॅडमच्या मागं केतन आणि त्यांच्या मागं मोटारसायकलवर मी, अशी वरात कनेरगावला पोचली. गयाबाईंनी त्याला बघितलं आणि लेकीला विचारलं, "हाच का भिताडवाला?" तरी पाट मांडला. ज्वारीची भाकरी, येसराची जाळ आमटी, वर कच्चा कांदा. त्याच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि तो "छान आहे" म्हणत होता. गयाबाई शेजारी बसून त्याला वाढत होत्या आणि तुझ्या आईला कोणी भिंत घालून कोंडलं तर तुला कसं वाटंल असं विचारत होत्या.

जेवण झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता समजा मधली जागा बंद झाली. आईला ताप आला. दवाखाना समोर दिसून राहिला. तुमच्या रस्त्यानं जाऊ. बसा."

त्या निघाल्या, मी मागं. ढाबे ओलांडून लांब गेलो. वळशाच्या जागी मॅडमनी स्कूटर दुभाजकाला लावून उभी केली, आणि मागून भरधाव आलेला ट्रक हॉर्न दाबत आमच्या इतक्या जवळून गेला की केतनच्या इस्त्रीची घडी मोडली. दुसरा आला. तिसऱ्यानं शिवी दिली. मॅडमनी ती व्याकरण सुधारून परत केली. शेवटी वळून आम्ही दवाखान्यापुढं आलो.

"हा झाला तुमचा रस्ता. आता परत जाताना गावचा रस्ता दाखवते."

त्यांनी स्कूटर फिरवली ती थेट येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर.

"मॅडम! राँग साइड! मॅडम!"

"घाबरता काहून? हे तुमच्या मॉडेलात न्हाई ना? मग हे होऊनच न्हाई राहिलं!"

केतननं दोन्ही हातांनी मॅडमची पिशवी छातीशी कवटाळली होती. मी त्यांच्या मागं जायची हिंमत केली नाही. कडेला थांबून बघत राहिलो. थोडं पुढं गेल्यावर त्यांनीच स्कूटर खाली मातीत उतरवली आणि थांबल्या. मी कडेकडेनं चालत त्यांना गाठलं. केतन उतरला तरी त्यानं पिशवी सोडली नव्हती. मॅडमना स्कूटर स्टँडला लावताच येईना, शेवटी मीच लावली. मला तोवर वाटायचं की त्या कशालाच भीत नाहीत.

"रोज माझ्या गावची लेकरं असे येणार," त्या म्हणाल्या. आवाजात टिंगल नव्हती.

पुढच्या आठवड्यात केतन स्वतःहून हिंगोलीला आला. कंपनीची घार घेऊन आला होता, म्हणजे सगळ्या मोठ्या रस्त्यांवरच्या वाहतुकीचं त्यांचं मॉडेल. आमच्या घरगुती घारीपेक्षा ते कितीतरी चांगलं होतं हे मॅडमनी पाच मिनिटांत कबूल केलं आणि पुढचा तासभर नावं ठेवली. त्याची घार आणि आमची मुंगी जोडायला आम्ही तिघं बसलो. त्याच्याकडची वेळ मोठ्या ढांगांनी पुढं जायची, आमची चिमटी-चिमटीनं. दोघींना एकमेकींसाठी थांबायला शिकवणं हेच मोठं काम. 'थांब' आणि 'ये' दोन्ही निरोप नीट जायला लागले. एकही ट्रॅक्टर हरवत नव्हता, एकही ट्रक दुसऱ्यावर चढत नव्हता.

मग आम्ही खरा प्रश्न घातला.

जागा बंद केली तर वाईट, हे दिसलंच. केतननं मान डोलावली. मग मॅडमनी जागा उघडी ठेवून चालवलं, गावाला हवी होती तशी. ते जास्त वाईट निघालं. रुंद रस्त्यावर गाड्या वेगात, वळणारे ट्रॅक्टर भर वेगाच्या पट्ट्यात उभे, आणि ढाब्यांपुढं थांबलेल्या ट्रकांच्या आडून अचानक बाहेर येणारी माणसं. पडद्यावर लाल ठिपके धडाधड उमटत होते. एकेक ठिपका म्हणजे थोडक्यात हुकलेली एक धडक.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा तेच.

"वेग कमी धरा. पुन्हा."

ठिपके थोडे कमी झाले, पण जागा बंद केली होती तेव्हापेक्षा जास्तच. नापास लेकराचं गुणपत्रक उलटंसुलटं करून बघावं तशा त्या बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आई बराबर न्हाई. पुणे बी बराबर न्हाई. मी बी न्हाई. चला, निदान समता तरी आली."

मी म्हणालो, "मॅडम, बैठकीत आपल्याला एवढंच विचारलंय की बंद करावी का. बंद करणं वाईट आहे एवढंच दाखवू. ते खोटंही नाही, आणि गाव खूश."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खुर्ची मागं सरकवली. "म्हंजे ठिपके राउंड ऑफ करू म्हणता?"

तोडगा निघायला बरेच दिवस लागले. मोकळी जागा ढाब्यांच्या पलीकडं सरकवायची, मध्ये माणसांना थांबायला उंच कट्टा करायचा, वळणाऱ्या गाड्यांना थांबायला खिशासारखी वेगळी जागा, गावच्या बाजूनं मोटारसायकलींसाठी अरुंद रस्ता, आणि ढाब्यांपुढं ट्रक उभे करायचे नाहीत. हे चाललं. पण म्हणजे गावातल्या प्रत्येकाला रोज थोडं जास्त चालावं लागणार होतं.

हे गावाला आधी सांगायचं असं मॅडमनी ठरवलं. केतन म्हणाला, बैठकीनंतर सांगा. त्या म्हणाल्या, "पाठीमागून खंजीर खुपसायचा तर पुण्यालाच गेले असते."

शाळेच्या मैदानात संध्याकाळी गाव जमलं. मॅडमनी आकडे सांगितले नाहीत. कुठं कोण कसं मरू शकतं ते सरळ सांगितलं. एकच गलका झाला. ढाबेवाला उठला. "मॅडम, लहानपणापासून माझ्याच ढाब्यावर चहा पिलात तुमी!"

"पिले. पाणचट होता. ट्रक हलवा."

थोडं हसू पिकलं आणि विरलं. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उभे राहिले. "पोरी, आमी तुला आमची म्हणून पाठवलं. तू त्यांची होऊन आली."

मॅडम काही बोलणार एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून गयाबाई उठल्या, पदर सावरला आणि लेकीकडं न बघता घराकडं चालायला लागल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "शिकवली, तर घराच्याच आडवी आली." सगळ्यांनी ऐकलं.

पुढचे कित्येक महिने गयाबाई लेकीशी बोलल्या नाहीत. मॅडम दुपारी जेवायच्या आधी फोन लावायच्या. पलीकडून फोन उचलला जायचा, पण आवाज यायचा नाही. "जेवलीस का?" मॅडम विचारायच्या. थोडं थांबायच्या. "गोळी घेतली का?" पुन्हा थांबायच्या. "बरं, ठेव मग." आणि डबा उघडायच्या. आम्ही समोर बसलेलो असायचो, आणि एरवी कशावरही बोलणारे आम्ही सगळे त्या वेळी भाजीकडं बघत बसायचो.

बैठकीत योजना मंजूर झाली ती केतनमुळं. तो आपल्याच कंपनीच्या पहिल्या सल्ल्याविरुद्ध उभा राहून बोलला. कंपनीनं त्याला पुढं काय म्हटलं ते त्यानं सांगितलं नाही, पण दिवाळीला मात्र मॅडमना फोन करून म्हणाला, "मी पुणे बोलतोय." काम व्हायला वेळ लागला, आणि झालं ते आपल्याकडं होतं तसंच. अरुंद रस्ता थोडा आणखी अरुंद झाला, कट्टे कोणा उंटासाठी केल्यासारखे उंच झाले. मॅडमनी ठेकेदाराला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या घरी पायऱ्या हायेत का शिडी?" पण जागा सरकली, आणि ट्रक हलले.

फरक पडला का असं मी एकदा विचारलं. त्या परीक्षेचे पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जो मेला त्याचं नाव कळतं. जो वाचला त्याला सोताला बी कळत न्हाई. आपल्या धंद्यात हार घालत न्हाईत, पुसेगाव." मग एका पेपरवर मोठा भोपळा काढला आणि म्हणाल्या, "हा पोरगा मात्र न्हाई वाचत."

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्या गेल्या. त्याच्या थोडंच आधी मी त्यांना शेवटचं बघितलं.

मी एसटीनं वाशिमला चाललो होतो. कनेरगावला त्या नव्या जागेपाशी एक ट्रॅक्टर वळत होता म्हणून बस थांबली. खिडकीतून बघतो तर मधल्या कट्ट्यावर मॅडम, आणि त्यांच्याशेजारी गयाबाई, हातात मेणबत्त्यांचा पुडा आणि फुलं. गयाबाई बोलत होत्या. हातवारे करून, दुसऱ्याला तोंड उघडू न देता, बहुतेक रस्ता किती लांब केला त्यावरून. आणि मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या. अख्ख्या कॉलेजात हे दृश्य कोणी बघितलं नव्हतं. मी सांगितलं असतं तरी कोणाला पटलं नसतं.

ट्रॅक्टर गेला. मॅडमनी हात वर करून आमची बस अडवली. मला त्यांनी ओळखलं नाही. त्या फक्त बसकडं बघत होत्या. ड्रायव्हर पुटपुटला, "म्हातारीला घरी ठिवता येत न्हाई का." दोघी बससमोरून निघाल्या. मॅडमनी आईचं कोपर धरलं. गयाबाईंनी ते झटकून सोडवलं आणि स्वतःच तुरुतुरु पुढं गेल्या, पलीकडं कडेच्या तसल्याच उंच कट्ट्यावर पाय दिला, चढल्या, आणि बोलणं चालूच. मॅडमना मात्र ते जमेना. एकदा पाय टाकला, घसरला. चप्पल निसटली. मागं आमची बस घुरघुरत उभी.

गयाबाई बोलायच्या थांबल्या. मागं वळल्या. मेणबत्त्यांचा पुडा काखेत धरला आणि खाली वाकून लेकीला हात दिला.